तखलिया, खलबत आणि 'खाली'

धागाकर्ती:
रविवारी लेकीला 'मुघल-ए-आझम' दाखवला. ती सतरा वर्षांची, सिनेमा १९६०चा. २००४ साली रंगीत करून आणलेली प्रत लावली, तरी जवळजवळ तीन तासांचा आहे म्हटल्यावर बाईसाहेब फोन हातात घेऊनच बसल्या. पहिला अर्धा तास "हे सगळे इतकं सावकाश का बोलतात?" एवढंच चाललं होतं. जोधाबाईच्या वेशात दुर्गाबाई खोटे दिसल्यावर मी उत्साहाने "अगं, या आपल्या!" म्हटलं, तर नुसतं "हं". पण 'प्यार किया तो डरना क्या'मध्ये शीशमहालाच्या आरशाआरशांत अनारकली फिरायला लागली आणि फोन गादीवर पालथा पडला.

जीव जडला तो मात्र एका शब्दावर. 'तखलिया' एवढंच म्हणायचं, की दालन रिकामं. तेव्हापासून धाकटा खोलीत डोकावला रे डोकावला की ही उशीला टेकून हात उंचावते, "तखलिया!" 'निघा' हा अर्थ अंदाजाने कळतो. पण नेमका अर्थ काय, आणि मराठीत या शब्दाचं कुणी सोयरं आहे का?

दिवाभीत:
मूळ अरबी, आपल्याकडे फारसी-उर्दूतून ओळखीचा. तखलिया म्हणजे रिकामं करणं. 'निघा' हा झाला परिणाम, शब्द जागेबद्दल बोलतो. सोयरे दोन आहेत आणि दोन्ही रोज भेटणारे. 'भाडेकरूने जागा खाली केली' यातला 'खाली' हा एक. दुसरा 'खलबत', मूळ रूप खल्वत, म्हणजे एकांत. रायगडावरचा खलबतखाना गुप्त मसलतीचा. निवडणुकीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत 'बंद दाराआड खलबतं' सुरू होतात, तीही हीच. क्रम बघा, आधी तखलिया, मग खलबत.

धागाकर्ती:
अगंबाई! मी आजवर समजत होते की खलबत म्हणजे खल करणं.

दिवाभीत:
तसं पुष्कळांना वाटतं. 'या विषयावर बराच खल झाला' यातला खल खलबत्त्यातला, घोटून घोटून बारीक करायचा. खलबताशी त्याचं नातं नुसतं कानापुरतं. 'वर-खाली'तला खालीही निराळा, तो खालचा, खालून, खालती यांच्या घरातला.

हैदराबादकर:
या दोन खालींनी आमच्या घरात फार गोंधळ घातलाय. आम्ही बोलतो मराठीच, पण इथल्या हवेतली. पुण्याच्या आत्याला "डबा खाली आहे" म्हटलं की ती बिचारी ओट्याखाली वाकून बघायची.
आणि आमच्या चौमहल्ला राजवाड्यातल्या निजामांच्या दरबारी दालनाचं नाव काय, तर खिलवत मुबारक! म्हणजे नावात एकांत आणि आत भरलेला दरबार.

आणखी एक वाचक:
आपल्या ऐतिहासिक मालिकांत राजे "एकांत!" म्हणतात की. तखलियाला तोच प्रतिशब्द घ्यावा.

दिवाभीत:
घ्या, अडत नाही. पण एकांत ही सगळे गेल्यानंतरची स्थिती. तखलिया ऐकताना माणसं बाहेर जाताना दिसतात. शिवाय त्यातला तो 'ख'! पृथ्वीराज कपूर यांच्या आवाजाच्या त्या दरबारात 'एकांत' मला जरा मिळमिळीत वाटेल.

धागाकर्ती:
जाता जाता धाकट्याची शंका. "जिल्ले इलाही म्हणजे जिल्ह्याचे साहेब का?"

दिवाभीत:
हुशार आहे पोरगा! जिल्ल म्हणजे सावली, जिल्ले इलाही म्हणजे ईश्वराची सावली. जिल्हा वेगळ्या अरबी शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ बरगडी, मग बाजू, मग मुलखाचा भाग. आपल्याकडे दोघांचाही उच्चार 'जि'वर येऊन थांबला, म्हणून ही गल्लत.

धागाकर्ती:
सांगितलं त्याला सगळं. आता ताईने "तखलिया!" म्हटलं की तो दारातच उभा राहून म्हणतो, "जागा खाली करायची लेखी नोटीस दे आधी."