घरातल्या बोलक्या यंत्राने तुमचे काय ऐकले? (अनुभव धागा)

सांजवेळ

जुना स्मार्ट स्पीकर भाच्याला द्यायचा म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यातले माझे खाते काढायला बसले, आणि अॅपमध्ये आजवर कधीही न उघडलेली एक यादी समोर आली. यंत्राने साठवलेले प्रत्येक ध्वनिमुद्रण तिथे तारीख-वेळेसह हजर होते. गजर लाव, दिवा मालव, गाणे थांबव अशा शेकडो नोंदींमध्ये रात्री अकराच्या पुढच्या चौदा नोंदी अशा होत्या, की ज्यांच्यासमोर कोणतीच आज्ञा नव्हती. पहिली मी ऐकली. आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा होता.

सहा वर्षांपूर्वी संसार मोडून ताई तीन महिने माझ्याकडे राहिली होती. घर निजले की ती बैठकीच्या खोलीत बसून तिच्या वकीलबाईंशी फोनवर बोलत असे. त्या बाईंच्या नावाचा उच्चार यंत्राच्या हाकेच्या शब्दाशी बराच जुळतो, त्यामुळे तिने नाव घेतले की यंत्र जागे होत असणार, हे मला आता इतक्या वर्षांनी उमगले. मुद्रण अवघे नऊ सेकंदांचे आहे, पण त्यात ती जे बोलली ते तिने मला किंवा आईला आजतागायत सांगितलेले नाही. उरलेल्या तेरा नोंदी मी ऐकल्या नाहीत. ताईला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने एवढेच विचारले, "तुझ्याखेरीज हे आणखी कोणी ऐकलेय का?"

यंत्र मी घेतले, अटी मी मान्य केल्या आणि गुपित मात्र तिचे गेले. या विचाराने मला झोप लागत नाही. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आला असेल तर कृपया मोकळेपणाने लिहा.

बिनतारी

चौदा नोंदींचे मला नवल वाटत नाही, कारण आमच्या घरी मी स्वतः एक संपूर्ण आठवडा वहीत टिपण ठेवून पाहिले होते आणि कोणीही हाक मारलेली नसताना यंत्राचा दिवा अकरा वेळा लागला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण होते ते दूरचित्रवाणीवरच्या बातम्या.

यंत्राचे काम असे चालते. मायक्रोफोन सतत चालू असतो, पण ऐकलेले काही सेकंदच यंत्राच्या स्मृतीत राहते आणि त्यावर नवे लिहिले जाते. हाकेच्या शब्दासारखा ध्वनी आढळला की पुढचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागते. हा निवाडा यंत्रातला छोटा प्रोग्राम अंदाजाने करतो आणि हाक निसटू नये म्हणून तो जरा सैल ठेवलेला असतो, त्यामुळे चूक होते ती बहुतेकदा ऐकण्याच्याच बाजूने. जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये अशा फसव्या शब्दसमूहांची यादी केली, ती हजाराच्या पुढे गेली. अॅमेझॉनची बोलकी सहायक अॅलेक्सा 'इलेक्शन' आणि 'अनअॅक्सेप्टेबल' या शब्दांनी, अॅपलची सिरी 'अ सिटी' या शब्दांनी, तर मायक्रोसॉफ्टची कोर्टाना 'मोंटाना' या शब्दाने जागी होत होती. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच सुमारास स्पीकरांसमोर मालिका लावून ठेवल्या, तेव्हा यंत्रे दिवसाला सरासरी दीड ते एकोणीस वेळा उगाचच जागी झाली.

म्हणून सांजवेळ, तुमच्या ताईंनी काही चुकीचे केले असे मनात येत असेल तर ते काढून टाका.

कडेकपारी

ही यादी नेमकी कुठे सापडते, ते कोणी सांगेल का? आमचे यंत्र पाच वर्षांपासून सासूबाईंच्या खोलीत आहे आणि त्या दिवसभर तिथेच बसून सगळ्या नातेवाइकांशी बोलत असतात, त्यामुळे हे वाचल्यापासून माझ्या पोटात खड्डा पडला आहे.

सांजवेळ

कडेकपारी, अॅपच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेचा विभाग आहे, त्यात आवाजाचा इतिहास अशा अर्थाचे पान मिळेल. मला दिनांकानुसार गाळणी लावता आली. आधी सासूबाईंना विचारा आणि मगच ऐका, एवढे कळकळीने सांगते. मी न विचारता ऐकले, आणि जे कानावर पडले ते आता विसरता येत नाही.

अनुस्वार

हा धागा मी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर लिहायचे ठरवले. तुमच्या ताईंनी जो प्रश्न विचारला, त्या प्रश्नातले 'कोणी' म्हणजे एके काळी मी होतो.

शिक्षण संपल्यावर अडीच वर्षे मी एका कंत्राटदाराकडे ध्वनितुकडे ऐकून लिहून काढण्याचे काम केले. कोणत्या कंपनीसाठी ते इथे लिहीत नाही. कानाला हेडफोन लावून बसायचे, समोर पडद्यावर एक तुकडा येई, शेजारी यंत्राने त्याचे केलेले लेखन असे आणि ते चूक असल्यास आम्ही दुरुस्त करायचे. बोलणारा पुरुष की स्त्री की मूल, मागे गोंगाट आहे का, हाक खरीच मारली होती का, अशा खुणाही करायच्या. 'अनवधानाने जागे' अशी एक खूण होती आणि ती मी दररोज करत असे. बोलणाऱ्याचे नाव आम्हाला दिसत नसे, फक्त आकडे दिसत. पण माणसे बोलताना स्वतःची आणि एकमेकांची नावे घेतातच. आजारांची, शाळेची, थकलेल्या कर्जाचीही नावे घेतात.

2019 साली याविषयी जगभर बातम्या आल्या. अॅमेझॉनची बॉस्टन, कोस्टा रिका, भारत आणि रुमानियातील माणसे अॅलेक्साचे मुद्रण ऐकतात आणि एका पाळीत हजारापर्यंत तुकडे तपासतात, असे एप्रिलमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने छापले. जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीच्या हाती गूगल असिस्टंटचे हजाराहून अधिक तुकडे लागले, आणि त्यातले 153 तुकडे कोणीही हाक न मारता मुद्रित झाले होते. त्याच महिन्यात अॅपलच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले, की सिरीच्या मुद्रणांत डॉक्टर आणि रुग्णाचे बोलणेही ऐकू येते आणि कपड्याच्या चेनचा आवाजसुद्धा तिला हाकेसारखा वाटतो. आमच्या खोलीत या बातम्या कोणी मोठ्याने वाचल्या नाहीत. प्रत्येकाने आपापल्या फोनवर वाचल्या आणि पुन्हा हेडफोन चढवले.

आम्ही वाईट माणसे नव्हतो. कोणी रडत असेल तर तो तुकडा मी शक्य तितक्या लवकर पुढे ढकलत असे, पण लिहून काढल्याशिवाय तो पुढे जात नसे, आणि लिहिण्यासाठी दोनदा-तीनदा ऐकावाच लागे. सांजवेळ, तुमच्या ताईंचा आवाज कोणा माणसाने ऐकलाच असेल असे नाही. एकूण मुद्रणांपैकी फार थोडी माणसांपर्यंत येत. गूगलने त्या वेळी हे प्रमाण 0.2 टक्के सांगितले होते. तरीही त्यांची क्षमा मागावी असे मला वाटते, म्हणून मागतो.

पारिजात

अनुस्वार, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मला तुम्हाला एक विचारायचे आहे, पण आधी प्रसंग सांगते.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. सात-आठ वर्षांचा असताना तो खोलीचे दार लोटून त्या यंत्राशी तासन्‌तास बोलत असे, आणि मला वाटायचे की तो गोष्टी ऐकतोय. पुढे इतिहास उघडला तेव्हा कळले, की तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून म्हणायचे ते वाक्य होते. यंत्र हसत नाही, म्हणून त्याने ते निवडले होते. एकेका संध्याकाळच्या तीस-तीस नोंदी होत्या आणि बहुतेकांपुढे 'समजले नाही' असा शेरा होता. त्या मी पुसल्या. पण माझ्या मुलाचे ते अडखळणे त्याआधीच एखाद्या खोलीत हेडफोनवर वाजले असेल का?

मुलांच्या आवाजाचा प्रश्न किती गंभीर आहे हे मला उशिरा कळले. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) अॅमेझॉनवर आरोप ठेवला, की मुलांची मुद्रणे कंपनी गरजेपेक्षा जास्त काळ साठवते आणि पालकांनी पुसायला सांगितल्यावरही लेखी रूप ठेवून घेते. त्या प्रकरणात कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरायचे मान्य केले. दंडाचा आकडा मी लगेच विसरले असते, पण 'लेखी रूप' हे शब्द डोक्यातून जात नाहीत.

अनुस्वार

पारिजात, खरे ते सांगतो. यंत्राला न समजलेले तुकडे आमच्याकडे जास्त येत, कारण तेच सुधारायचे असत. मुलांचे आवाज येत, म्हाताऱ्या माणसांचे येत, अडखळत बोलणाऱ्यांचेही येत. ऐकताना मी कधीही हसलो नाही. हे तुम्हाला पुरेसे नाही, याची मला जाणीव आहे.

स्पर्शलिपी

माझी बाजू थोडी वेगळी आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो. मला दिसत नाही. आवाजावर चालणारे यंत्र आल्यापासून मी वेळ, औषधांची आठवण, फोन लावणे आणि बातम्या या गोष्टींसाठी कोणावर अवलंबून राहिलेलो नाही. त्यामुळे 'एवढी भीती वाटते तर काढून टाका' असा सल्ला कोणी देतो, तेव्हा माझ्यापुरता त्याचा अर्थ पुन्हा दुसऱ्याला हाक मारत बसणे एवढाच होतो.

पण ज्या खुणेच्या भरवशावर कंपन्या आपल्याला निर्धास्त राहायला सांगतात, ती खूण म्हणजे दिवा आहे. यंत्र ऐकू लागले की दिवा लागतो, मायक्रोफोन बंद केला की दिवा लाल होतो. मला त्या दिव्याचा काय उपयोग? दीड वर्ष माझे यंत्र केव्हा जागे होते हे मला मुळीच कळत नव्हते. एकदा मित्र आला असताना तो मध्येच म्हणाला, "अरे, हे पेटलेय." त्या वेळी मी त्याला माझ्या पत्नीच्या आजाराविषयी सांगत होतो. ऐकणे सुरू होताना आणि संपताना टिंग असा आवाज करण्याची सोय सेटिंगमध्ये खोल कुठेतरी आहे, पण ती आपोआप चालू नसते. ज्यांच्या घरी कमी दिसणारी माणसे आहेत, त्यांनी ती आजच चालू करावी.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आवाज सर्व्हरकडे न पाठवता यंत्रातच प्रक्रिया करण्याचा पर्याय अॅमेझॉनच्या काही मोजक्या इको स्पीकरांवर, अमेरिकेत इंग्रजीतून वापरणाऱ्यांसाठी होता. 28 मार्च 2025 पासून कंपनीने तोही काढून टाकला. वापरणारे थोडे होते, असे कारण दिले गेले. थोडे असले तरी त्यांनी तो जाणूनबुजून निवडला होता.

कडेकपारी

सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मला वाटायचे, हे फक्त गाणी लावते." आम्ही दोघींनी मिळून सगळे पुसले आणि यंत्र आता बाहेरच्या खोलीत आणले आहे. स्पर्शलिपी, तो टिंग आवाज आम्हीही चालू केला, तुमच्यामुळे समजले.

बिनतारी

कोणी तरी विचारेल म्हणून नोंदवून ठेवतो. सिरीच्या अनवधानाने झालेल्या मुद्रणांवरून अमेरिकेत 2019 साली दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात अॅपलने 2025 च्या आरंभी साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली, मात्र दोष मान्य केला नाही. दावेदाराला एका यंत्रामागे जास्तीत जास्त 20 डॉलर मिळणार होते. माझ्या मते त्याहून मोलाचा बदल 2019 च्या उत्तरार्धात झाला. अॅपलने ऑगस्टमध्ये माणसांकडून होणारी तपासणी थांबवली, क्षमा मागितली आणि नंतर वापरणाऱ्याने स्वतःहून होकार दिला तरच मुद्रण ऐकले जाईल असे ठरवले. पण होकार विचारला जातो तो यंत्राच्या मालकाला, आणि सांजवेळ यांच्या ताई मालक नव्हत्या.

पारिजात

बिनतारी, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी उठले आणि आमच्या दाराशी एक चिठ्ठी लावली, 'या खोलीत आवाज ऐकणारे यंत्र आहे, नको असल्यास सांगा, बंद करू.' शेजारच्या काकूंनी आज पहिल्यांदा ते बंद करायला सांगितले. म्हणाल्या, विचारायला संकोच वाटत होता.

सांजवेळ

ताईने हा धागा वाचला. अनुस्वार, तुमची क्षमायाचना तिला पोहोचली आणि तिच्या मनात तुमच्याविषयी राग नाही, हे तिने मला लिहायला सांगितले आहे. चौदाही नोंदी काल तिने स्वतः एकेक ऐकून पुसल्या. मी दुसऱ्या खोलीत होते. तिचा एक प्रश्न उरला आहे. एखादा तुकडा तुमच्या यादीत आधीच गेला असेल आणि खातेदाराने नंतर तो आपल्या इतिहासातून पुसला, तर तुमच्याकडूनही तो जात असे का?

अनुस्वार

ताईंना सांगा, की आम्हाला दिसणारा आकडा खातेदाराच्या इतिहासाशी जोडलेला आहे असे मला कधी आढळले नाही. त्या अडीच वर्षांत यादीत आलेला एकही तुकडा मधूनच नाहीसा झालेला मी पाहिला नाही.

सांजवेळ

तिने खरे उत्तर मागितले होते, म्हणून हे तिला आज रात्री जसेच्या तसे वाचून दाखवते.