मदत हवी आहे : पितळी चॅसी जोडताना पीळ पडतो
फेरारी २५० जीटीओ या १९६२ च्या कूपेच्या १:२४ प्रमाणातील स्लॉट कारसाठी (खाच असलेल्या ट्रॅकवर विजेवर धावणारी छोटी गाडी) मी पितळी चॅसी, म्हणजे गाडीची खालची चौकट, घरीच घडवत आहे. मूळ गाडीच्या दोन आसांमधील अंतर २४०० मिमी असल्याने माझ्या चॅसीत ते नेमके १०० मिमी यायला हवे, आणि तेवढे ते येतेही. अडचण जोडकामात आहे. मोटरच्या ब्रॅकेटला ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर लावला की पितळेतून उष्णता झरझर पसरते, शेजारचा आधी पक्का झालेला सांधा सैल होतो आणि थंड झाल्यावर चौकटीला पीळ पडतो. काचेवर ठेवून पाहिले, तर पुढचे डावे चाक जेमतेम अर्धा मिलिमीटर अधांतरी राहते. एवढ्यानेही वळणावर गाइड (गाडीखालची, ट्रॅकच्या खाचेत बसणारी पट्टी) खाचेतून निसटतो.

सळ्या पॉलिश पेपरने घासून, फ्लक्स लावून आणि गुण्याने काटकोन तपासूनच मी काम करतो. आधीचे सांधे २२१ अंशांना वितळणाऱ्या कथील-चांदीच्या सोल्डरने आणि नंतरचे १८३ अंशांना वितळणाऱ्या ६३/३७ कथील-शिसे सोल्डरने करावेत, असा माझा विचार आहे. हा फरक पुरेसा ठरेल का? की शेजारच्या सांध्यावर ओला कापूस ठेवणेच अधिक खात्रीचे? जिगसाठी (जोडताना भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) लाकूड वापरावे की ॲल्युमिनियम, हेही अनुभवींनी कृपया सांगावे.