रसायनं कमी करायचीच, पण आधी कोणती?

पडीकरान: ‘सेंद्रिय की रासायनिक’ या वादात सगळी रसायनं एकाच पोत्यात भरली जातात. माझं मत असं, की कीटकनाशकं आधी सोडावीत, युरिया मागाहून. कारण फवारून फवारून कीड पुष्कळदा आपणच वाढवतो. भातावरचे तपकिरी तुडतुडे घ्या. मादी अंडी घालते पर्णकोषाच्या, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या देठाच्या आत, तिथे फवारा पोचत नाही. बाहेरचे, तुडतुडे खाणारे कोळी मात्र मरतात. आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावर 57 कीटकनाशकं वापरायला बंदी घातली, पुढे शेतकऱ्यांना बांधावर नेऊन मित्रकिडी, म्हणजे पिकावरची कीड खाणारे कीटक, ओळखायला शिकवलं. उत्पादन काही कोसळलं नाही.

मातीमोल: अर्धवट उपाय आहे हा. युरिया जास्त झाला की पीक लुसलुशीत होतं, आणि तुडतुड्यांना तेच हवं असतं. म्हणजे पंगत वाढून ठेवायची आणि पाहुणे का आले म्हणून विचारायचं! दोन्ही एकदम कमी करा. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे नुसत्या शेणखताचा पट्टा रासायनिक खताच्या पट्ट्यांच्या तोडीस तोड पिकलाय.

हिशेबी: त्या पट्ट्यात शेणखत किती पडतं तेही सांगा की. हेक्टरी 35 टन, दरवर्षी! साधं गणित करा: 100 किलो युरियात 46 किलो नत्र (नायट्रोजन). शेणखतात जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी 9 टनांच्या वर खत वाहायचं. त्यातलंही पहिल्या हंगामात सगळं पिकाला मिळत नाही. एवढी जनावरं आणि त्यांचा चारा कुठून आणणार?

मातीमोल: जनावरंच कशाला? ताग-धैंचा ही हिरवळीची पिकं फुलोऱ्यावर आली की खत म्हणून जमिनीत गाडा. कडधान्याची फेरपालट करा. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र फुकट देतात.

हिशेबी: फुकट कसा? तागाने दीड-दोन महिने रान अडवलं, पाणी प्यायलं, ते कोणाच्या खात्यावर?

पडीकरान: म्हणूनच नत्राला वेळ द्या म्हणतोय. श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरात माघार घेतली. तोवर भाताच्या हंगामाचं व्हायचं ते नुकसान झालं, तांदूळ बाहेरून आणावा लागला.

मातीमोल: ती फजिती सरकारी हुकुमाची. पर्यायी खताची सोय नाही, शिकवणं नाही. श्रीलंकेचं नाव काढलं की चर्चाच मिटते, हे बरं सापडलंय सगळ्यांना.

तणकट: तणनाशकाबद्दल कुणीच बोलेना! नांगरट बंद करून माती जपा म्हणणारे कितीतरी जण ग्लायफोसेट या तणनाशकाच्या जिवावर बोलतात. ते सोडलं तर एकतर पुन्हा नांगर, नाहीतर खुरपं. आच्छादनाने बरंच तण दबतं, पण हरळी आणि लव्हाळा आच्छादन फोडून वर येतात.

हिशेबी: आणि खुरपायला माणसं कोण देणार, पडीकरान की मातीमोल?