हातवारे, खुणा की बोलणे?

खाडीकाठ
एक क्रियापद हवंय. सांकेतिक भाषेत माणूस बोलतो, तेव्हा तो मराठीत नक्की काय करतो? 'हातवारे करतो' म्हटलं की बांधावरून भांडणारा शेजारी आठवतो. 'खुणावतो' म्हटलं की चोरून काहीतरी चाललंय असं वाटतं.

विचारतेय कारण प्रश्न घरचाच आहे. मला लहानपणापासून ऐकू येत नाही. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या मराठी शाळेत मी कानाला यंत्र लावून पहिल्या बाकावर बसले. मावसभाऊही माझ्यासारखाच, पण तो निवासी मूकबधिर शाळेत. गणपतीला तो घरी आला आणि त्याचे हात चालू लागले की आजी म्हणायची, "माकडचेष्टा पुरे." माझे हात मांडीवर, म्हणून मी शहाणी. आरतीला मी नुसते ओठ हलवायचे, हे कुणाला कळलं नाही.

प्रगतिपुस्तकात शेरा असायचा, 'ऐकत नाही'. तक्रार होती की निदान, बाईंनाच ठाऊक.

शब्दकण
आधी 'बहिरा' घेऊ. बधिर, बहिर, बहिरा असा तो घरंगळत आलाय. म्हणजे 'कर्णबधिर' सभ्य आणि 'बहिरा' उद्धट ही समजूत तशी पोकळच. उलट 'बधिर' आता दातांच्या डॉक्टरांकडे जास्त ऐकू येतो. 'मूकबधिर' मात्र टाकून द्यावा. ऐकू न येणाऱ्याला आवाज असतोच की! (अवांतर: बहिरी ससाण्याचा कानांशी संबंध नाही. तो अरबी 'बह्र', म्हणजे समुद्र, यावरून आलाय.)

खाडीकाठ
ससाणा आवडला. क्रियापद राहिलंच.

पायवाट
पण ओठ वाचता येत असतील तर वेगळी भाषा हवीच कशाला? साध्या शाळेत मूल चारचौघांत मिसळतं.

खाडीकाठ
आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणा. ओठांवर तिघे एकच! क, ख, ग तर घशाकडेच राहतात, दिसतच नाहीत. निम्मं अंदाजानं भरायचं, आणि गुरुजी फळ्याकडे वळले की तेही गेलं. जुलैत पत्र्यावर सर पडली की यंत्रातून फक्त पाऊस. मिसळले म्हणजे काय, तर वर्गात बसले. मधल्या सुट्टीत सगळे हसले की मीही हसायचे.

मावसभावाच्या शाळेतही सगळं गोड नव्हतं. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठरवलं की बहिऱ्या मुलांना तोंडानंच बोलायला शिकवायचं. ते वारं आपल्याकडेही पोचलं. वर्गात त्यालाही गालावर हात ठेवून 'प' घोटायला लावत. भाषा तो वसतिगृहात मोठ्या मुलांकडून शिकला. त्याला विनोद येतात, भांडता येतं. लिहिताना विभक्ती चुकतात, कारण त्या भाषेचं व्याकरण निराळं आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, भुवयाही प्रश्न विचारतात. माझी मराठी चांगली, पण पंधराव्या वर्षापर्यंत मला मैत्रीण नव्हती.

शब्दकण
नामापुरतं 'सांकेतिक भाषा' आता रुळलंय. दिल्लीच्या सरकारी केंद्राच्या नावातच ते आहे. त्यांचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० वर गेला. मला 'चिन्हभाषा' बरा वाटतो, कारण 'सांकेतिक' म्हटलं की गुप्त लिपी आठवते.

हर्णैकर
आमच्या होडीवर इंजिन चालू असलं की काही ऐकू येत नाही. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हातानंच काय ते कळवतो. पण घरी येऊन आम्ही 'तांडेलानं खुणा केल्या' म्हणत नाही. 'तांडेलानं सांगितलं' म्हणतो. एसटीला मात्र हात करतो.

खाडीकाठ
सांगणे! इतका साधा शब्द कसा सुचला नाही? 'बोलणे'मागे तोंड येतं. सांगायला चिठ्ठीही पुरते, डोळेही पुरतात.

काल मावसभावाला व्हिडिओ कॉलवर विचारलं. 'सांगणे' त्याला चालेल. फक्त माझ्यापुरतं 'हातवारे करते' हेच ठेवा, म्हणाला. मी तिशीत शिकायला लागले, अजून अडखळते.