‘कार्बनचा हँडलबार काचेसारखा फुटतो’ या सल्ल्याबद्दल

खडीवाट

नुकतेच माउंटन बायकिंग सुरू केलेल्या एकाने या मंचावर, सायकलला कार्बनचा (कार्बन तंतूंच्या थरांचा) हँडलबार बसवावा का, असे विचारले होते. त्याला मिळालेले उत्तर असे: ‘कार्बन काचेसारखा फुटतो आणि कसलीही पूर्वसूचना देत नाही. ट्रेलवर तो वापरणे म्हणजे दातांशी जुगार खेळणे आहे. ॲल्युमिनियम घ्या आणि निश्चिंत राहा.’ या उत्तराला अनेकांनी दुजोरा दिलेला पाहून स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कार्बनपेक्षा त्या ‘निश्चिंत राहा’बद्दल आधी बोलणे मला अधिक गरजेचे वाटते. पोलाद आणि टायटॅनियम यांना ताणाची एक मर्यादा असते. भार तिच्या खाली राहिला, तर कितीही वेळा आला तरी ते व्यवहारात थकत नाहीत, म्हणजे वारंवारच्या भाराने त्यांना चीर पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हादरा त्याच्या आयुष्यातला थोडासा भाग खर्च करतो आणि एक दिवस स्टेमच्या (बारला पुढून झाकण लावून धरणाऱ्या आणि सायकलशी जोडणाऱ्या भागाच्या) कडेपाशी, जिथे वाकवणारा जोर सर्वाधिक असतो तिथे, केसासारखी चीर सुरू होते. ती स्टेमच्या झाकणाखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने हवेत फुटली ती धातूच्या थकव्यामुळेच, आणि त्यांची कवचे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. कार्बनच्या तंतूंना या थकव्याची बाधा त्या मानाने फारच कमी होते.

सायकलींच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हँडलबार आणि स्टेम एकत्र जोडून त्यांची थकवा चाचणी होते: दोन्ही टोकांना उलटसुलट दिशेने १,००,००० वेळा भार, आणि मग त्याच जोडणीवर दोन्ही टोकांना एकाच दिशेने आणखी १,००,००० वेळा. कार्बनला त्यात सवलत मिळत नाही. तेव्हा अस्सल, नव्या आणि नीट बसवलेल्या कार्बन हँडलबारला सरसकट असुरक्षित म्हणणाऱ्यांनी आपला आधार सांगावा, अशी माझी विनंती आहे.

जुना पाना

‘काचेसारखा’ हा शब्द चुकीचा आहे, एवढे मी मान्य करतो. पुढचे मात्र मान्य करता येणार नाही.

आपण ज्या चाचणीचा दाखला देता, तिच्यातला हँडलबार कोरा असतो, त्यावर ओरखडा नसतो आणि तो जाणकाराने बसवलेला असतो. माझ्या बाकावर येतो तो तसा नसतो. मध्यंतरी एका कार्बन हँडलबारवरचे स्टेमचे झाकण काढले, तेव्हा वरच्या कडेला अर्धचंद्राच्या आकाराचा दाब उमटलेला होता. नख फिरवले की त्या खाचेत अडकत होते. आजूबाजूचे चकचकीत लॅकर दुधाळ झाले होते आणि नाण्याने ठोकत गेल्यावर तेवढ्याच जागी आवाज बद्द येत होता. मालक मात्र केवळ केबल बदलण्यासाठी आला होता आणि आदल्याच आठवड्यात ड्रॉप (उंचवट्यावरून खाली उडी) मारून आल्याचे आनंदाने सांगत होता.

ॲल्युमिनियमचा बार जोरात आपटला, तर बहुतेकदा वाकतो आणि वाकलेला बार लहान मुलालाही दिसतो. कार्बन आपटल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो, पण आतले थर सुटलेले असू शकतात. वस्तू सुरक्षित आहे की नाही, हे ती सामान्य माणसाच्या हातात कशी वागते यावरून ठरवावे, कारण चालवणारा तोच असतो.

उतारप्रेमी

मी प्रयोगशाळेतला नाही आणि मेकॅनिकही नाही, त्यामुळे जे घडले ते सांगतो. माझा ॲल्युमिनियमचा हँडलबार तुटला तो उडी मारताना नव्हे, तर ट्रेल संपल्यावर सपाट रस्त्यावर, पेडलवर उभा राहून थोडा जोर लावला तेव्हा. त्याआधी तो वाकला नव्हता, करकरला नव्हता. मनगटाचे हाड मोडले. नंतर तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला, तेव्हा अर्ध्याहून अधिक भाग काळपट आणि गुळगुळीत होता, तर उरलेला चमकदार आणि खरखरीत होता. काळपट भाग जुन्या चिरेचा, चमकदार भाग त्या दिवशीचा. म्हणजे ती चीर घेऊन मी कित्येक महिने उतार उतरत होतो. ॲल्युमिनियम सूचना देते असे जे म्हणतात, त्यांनी ती सूचना मला कुठे मिळायला हवी होती, हे सांगावे.

२००६ च्या पॅरिस-रूबे या सायकल शर्यतीत जॉर्ज हिन्कापी या सायकलपटूच्या सायकलची स्टिअरर नळी (जिच्यावर स्टेम बसतो ती) तुटून तो कोसळला होता. ती नळीही ॲल्युमिनियमचीच होती.

घाटमाथा

स्टिअरर नळी म्हणजे हँडलबार नव्हे, आणि रस्त्यावरची शर्यत म्हणजे माउंटन बायकिंग नव्हे. उदाहरणे द्यायचीच असतील तर माझे घ्या. माझा कार्बनचा हँडलबार ब्रेक लिव्हरच्या क्लॅम्पपाशी, म्हणजे लिव्हर बारला आवळणाऱ्या कड्यापाशी, तुटला. आदल्या दिवशी मी एका वळणावर हळूच घसरून पडलो होतो, इतका हळू की गुडघाही खरचटला नाही. लिव्हर जागचा फिरला नाही, कारण तो घट्ट आवळलेला होता, आणि त्याच्या क्लॅम्पची कड बारमध्ये रुतली. दुसऱ्या दिवशी मुळांनी भरलेल्या उतारावर उजवी बाजू हातात आली आणि समोरचे दोन दात गेले. ‘दातांशी जुगार’ हे आपल्याला अतिशयोक्त वाटत असेल, मला वाटत नाही. मानकांचे आकडे माझ्यासमोर मांडताना माणसाने थोडे तारतम्य बाळगावे.

खडीवाट

आपल्याला झालेल्या दुखापतीबद्दल मला मनापासून वाईट वाटते आणि आपल्या अनुभवाला मी खोटे म्हणत नाही. पण आपणच सांगितलेले कारण पाहा. लिव्हरचा क्लॅम्प पडताना फिरेल इतपतच आवळावा, ही सूचना कार्बन बारच्या सोबत येते. तेथे ॲल्युमिनियम असते तरी रुतलेल्या कडेने खाच पडली असती, आणि खाचेतूनच थकव्याची चीर सुरू होते. फरक इतकाच, की ती चीर दुसऱ्या दिवसाऐवजी दुसऱ्या वर्षी पूर्ण झाली असती.

घाटमाथा

त्या ‘दुसऱ्या वर्षी’लाच मी सुरक्षितता म्हणतो. एका वर्षात माणूस बार काढून पाहतो, सायकल विकतो, नवा बार घेतो. एका रात्रीत तो काहीच करत नाही.

खडीवाट

हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मला खोडता येत नाही. तरीही त्यावरून निघणारा सल्ला ‘पडल्यावर तपासा’ असा आहे, ‘कार्बन घेऊ नका’ असा नाही.

रुंद टायर

या वादात एक गोष्ट कोणीच बोलत नाही, ती म्हणजे ३५ मिलिमीटरचे क्लॅम्प, अर्थात स्टेममध्ये पकडला जाणारा बारचा मधला जाड भाग. ३१.८ मिलिमीटर पुरेसे असताना व्यास वाढवला गेला, त्यामुळे बार अनावश्यक ताठ झाले आणि लांब उतारावर लोकांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बधिर झालेला हात ब्रेक नीट ओढू शकत नाही. बार तुटून पडणाऱ्यांपेक्षा पकड सुटून पडणारे मी अधिक पाहिले आहेत. कार्बनमध्ये थरांची दिशा बदलून लवचीकता ठेवता येते, हा त्याचा खरा फायदा आहे. शंभरएक ग्रॅम वाचतात, हा नव्हे.

जुना पाना

मुंग्यांचा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी वेगळी चर्चा सुरू करावी. मला बोल्टकडे यायचे आहे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक खराब बारांचे मूळ तिथेच होते. कार्बनचा बार लांबीच्या दिशेने भक्कम असतो, पण तो पोकळ आहे आणि बाहेरून चिमटला की त्याचे थर दबतात. म्हणून झाकणाचे चारही बोल्ट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करून, बहुतेक स्टेमला चालतात तसे ५ न्यूटन-मीटरपर्यंत (हे पिळाच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे माप) आवळावेत, आणि तेही टॉर्क रेंचने, म्हणजे लावलेल्या आकड्याला ‘टक’ करणाऱ्या पान्याने. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही, त्याने कार्बनचा विचार करू नये.

हाताचा अंदाज

अनेक वर्षे मी ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या साध्या किल्लीने) बोल्ट आवळत आलो आहे आणि आजवर एकही बार दबला नाही. बोट ठेवल्यावर बोल्ट किती बसला ते कळते. प्रत्येक बोल्टसाठी यंत्राचा ‘टक’ ऐकल्याशिवाय काम पूर्ण झाले असे न मानणारी पिढी तयार झाली आहे, आणि त्यामुळे हातातले कसब जात आहे, याची मला खरोखर खंत वाटते. टॉर्क रेंच नसेल तर कार्बन वापरू नये, हा नियम कारागिराचा अपमान आहे.

जुना पाना

अपमानाचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. १० सेंटिमीटरच्या कीच्या टोकावर साधारण ५ किलो वजनाइतका जोर दिला की ५ न्यूटन-मीटर होतात. तोच जोर २० सेंटिमीटरच्या दांड्यावर दिला की १० होतात, आणि बोटांना दोन्ही वेळा सारखेच जाणवते. आपली की एकच आणि आपला हात सरावलेला असेल. पण आपले वाचून जो नवखा घरातली मिळेल ती की उचलेल, त्याच्या बारची जबाबदारी आपण घेणार आहात का? असे काही लिहिताना आपण संयम ठेवायला हवा होता.

हाताचा अंदाज

नवख्याने ॲल्युमिनियमचा बारसुद्धा हाताने आवळू नये, असे आपण लिहिलेत तर मी गप्प बसेन. निम्मा नियम लिहू नका. शिवाय आपला टॉर्क रेंच आपण समजता तितका खरा नसतो. टॉर्क म्हणजे बोल्ट फिरवायला लागलेला जोर. बारवर प्रत्यक्ष किती दाब आला, ते त्यातून थेट कळत नाही. आट्यांना ग्रीस असले, तर त्याच ५ न्यूटन-मीटरला दाब कितीतरी जास्त येतो. कोरड्या, गंजलेल्या आट्यांवर तो कमी येतो आणि बार फिरतो, मग माणूस आणखी आवळतो.

खडीवाट

आट्यांबद्दलचे हे निरीक्षण अचूक आहे. म्हणूनच बार आणि स्टेम यांच्यामध्ये कार्बन पेस्ट लावतात. तिच्यातल्या बारीक कणांमुळे घर्षण वाढते आणि कमी टॉर्कवरही बार फिरत नाही. ग्रीस मात्र बारवर लावू नये. आणखी एक गोष्ट सर्रास दुर्लक्षिली जाते. स्टेमवर छापलेला आकडा स्टेमच्या बोल्टची कमाल मर्यादा सांगतो. बारवर वेगळा आकडा असेल, तर दोहोंपैकी लहान आकडा पाळावा.

उतारप्रेमी

वापरलेले बार विकत घेण्याबद्दलही कोणी लिहावे. कार्बनचा जुना बार घेणे मला तरी अक्षम्य वाटते, कारण तो किती वेळा आपटला हे विकणारा सांगेलच असे नाही. नामांकित बनावटीची नक्कल करून विकल्या जाणाऱ्या बारांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या आत थर कसे घातले आहेत, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

घाटमाथा

या एका बाबतीत तरी आपले सर्वांचे एकमत दिसते. मी पुन्हा कार्बन बसवणार नाही, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागत नाही. पण उतारप्रेमी यांनी वर्णन केलेला तो काळपट भाग वाचल्यानंतर माझ्या ॲल्युमिनियमच्या बारला मी ‘निश्चिंत’ म्हणणार नाही, एवढे नाइलाजाने लिहितो.

जुना पाना

मूळ प्रश्न विचारणाऱ्याला माझे उत्तर अजूनही ॲल्युमिनियम हेच आहे, कारण तो नवखा आहे आणि वरचेवर पडणार आहे. ‘निश्चिंत राहा’ हे शब्द मात्र काढून टाकावेत. त्यांच्या जागी, मोठ्या आपटीनंतर झाकण काढून बार तपासावा, शंका आल्यास तो बदलावा आणि काही हंगामांनी तसाही बदलावा, असे लिहावे. ज्याची हे करण्याची तयारी आहे, त्याने कार्बन बसवला तर मी अडवणार नाही.

हाताचा अंदाज यांच्या आक्षेपाबद्दल: रेंच चुकतो, हे खरे. मोठ्या पल्ल्याचा रेंच ५ न्यूटन-मीटरसारख्या तळाच्या आकड्यावर विशेष चुकतो, म्हणून लहान पल्ल्याचा वापरावा, एकदाच ‘टक’ करावे आणि ठेवताना त्याची स्प्रिंग तळाच्या आकड्यावर आणून ठेवावी.

हाताचा अंदाज

आणि तो तपासावाही. रेंचचे चौकोनी टोक शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, दांडा आडवा राहील असे पकडावे, आकडा ५ वर लावावा आणि टोकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर अडीच किलोचे वजन टांगावे. तेथे ४.९ न्यूटन-मीटर होतात, आणि दांड्याचे स्वतःचे वजन थोडी भर घालते. त्याच्या आसपास रेंचने ‘टक’ केले पाहिजे. खूप आधी केले किंवा किलोभर वजन वाढवूनही केले नाही, तर तो रेंच कार्बनला लावू नका आणि ॲल्युमिनियमलाही लावू नका.