मदत हवी आहे: जुनं एस्प्रेसो मशीन दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

मंडळी, घरचं सिंगल बॉयलर मशीन आता थकलंय. पंप जोरात घुरघुरतो, पण कॉफी थेंबथेंब येते. पोर्टाफिल्टरच्या (कॉफी भरायच्या दांडीवाल्या चाळणीच्या) कडेने पाणी गळतं. ते गॅस्केट (रबरी कडं) कडक झाल्याने असणार, ते मी बदलेन. खरा प्रश्न धारेचा. कॉफी न भरता नुसतं पाणी सोडलं तरी धार बारीकच, म्हणजे दळणाचा दोष नाही. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे क्षार साचल्याचा संशय आहे. सायट्रिक ॲसिडने थोडा फरक पडला, पण टिकला नाही. बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे, तो खराब होईल म्हणून पुन्हा ॲसिड वापरायला धजत नाही. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाण्याची वाट उघडणारी-बंद करणारी विजेवरची झडप) घरी उघडून कुणी साफ केलाय का? सर्व्हिसवाले ‘नवंच घ्या’ म्हणतात (ते तसंच म्हणणार!). पुण्यात 230 व्होल्टचा व्हायब्रेशन पंप सुटा कुठे मिळेल?