‘डिझास्टर टुरिझम’ला मराठीत काय म्हणावं?

महालकर: वायनाडला जाणाऱ्या आमच्या ग्रुपसाठी सूचनापत्रक लिहितोय. ‘आपत्ती पर्यटन टाळा’ असं लिहिलं, तर एकानं हरकत घेतली, ही तर सरकारी योजना वाटते म्हणे. ३० जुलै २०२४ ला तिथली मुंडक्कै, चूरलमला ही गावं दरडीखाली गेली, तेव्हा केरळ पोलिसांनी बघ्यांना येऊ नका म्हणून विनवलं होतं. तेव्हा जाणं आणि आज तिथल्या लॉजवाल्यांना गिऱ्हाईक हवं असताना जाणं, दोन्हीला एकच शब्द कसा?

धरमपेठी: शब्द तुम्हीच लिहिलात, बघे. ‘बघेगिरी’ म्हणा. २३ सप्टेंबर २०२३ ला आमच्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला अन् नाग नदी वस्त्यांत शिरली. आम्ही दोघं चिखलानं जड झालेली गादी जिन्यावरून ओढत होतो आणि फाटकाशी लोक गाडीवरून न उतरता व्हिडिओ काढत होते. हात लावायला एकही पुढे आला नाही.

सदाशिव: ‘गिरी’ फारसी. मराठी शब्द असताना उसना प्रत्यय कशाला? आणि ‘पर्यटन’ बिचारं निर्दोष आहे: परि अधिक अटन. तीर्थाटनात, भिक्षाटनात तेच अटन आहे, मौज कुठेच नाही.

धरमपेठी: दादागिरी चालते, मग बघेगिरीनं काय पाप केलं? ‘पर्यटन’ म्हटल्यावर आज भिक्षा कोणाला आठवते?

नरखेडवाली: माझं माहेर नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडकडचं. ३० जुलै १९९१ च्या पुरात वर्धा नदीनं तिथली २०४ माणसं नेली. आजी आलेल्यांचे दोनच प्रकार सांगायची: ‘पूर पाहाले आलते’ अन् ‘समाचाराले आलते’. समाचाराले येणारा भाकरी बांधून आणे, घरच्यांवर चहाचाही भार टाकत नसे. महालकर, तुमचे दोन्ही शब्द यात आहेत.

महालकर: फार नेमकं. पण लॉजचं भाडं भरून राहणारा समाचाराला आला म्हणायचं?

नरखेडवाली: भाडं घासाघीस न करता देत असेल, दरडीत घर गेलेल्याला त्या रात्रीचं खोदून विचारत नसेल, तर हो.

पुण्याहून: पत्रकात ‘समाचार’ नको. समाचार घेणे म्हणजे खरडपट्टी काढणे.

सदाशिव: ‘घेणे’ आणि ‘ला जाणे’ वेगळे. मूळ धातू चर्, चालणे. आजींचं वाक्य मात्र ‘पाहायला आले होते’ असं शुद्ध करून छापा.

नरखेडवाली: नाही. ते तसंच छापायचं. पूर त्यांच्या घरात आला होता, भाषाही त्यांचीच राहील.

पुण्याहून: आणि भूजचं स्मृतिवन? २००१ च्या भूकंपात गेलेल्यांचं स्मारक, तिथे लोक तिकीट काढून जातात. ते पाहाले की समाचाराले?